मोड बदलण्याआधी पॉइंटर बदला

वाचकाचं पत्र

सर, मी ठाण्यात राहतो आणि रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे स्प्रिंगा तपासायचा टेस्ट बेंच आहे. त्याला जोडलेला पीसी ४८६ आहे, १६ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२. आयएसए स्लॉटमध्ये ॲनालॉग-टु-डिजिटल कार्ड आहे, आयआरक्यू ५ वर (प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्टची, पाचव्या क्रमांकाची तार). प्रोग्रॅम टर्बो सी++ मध्ये लार्ज मॉडेलमध्ये लिहिलेला आहे. ज्या काकांनी तो लिहिला ते आता निवृत्त झालेत. कार्ड सेकंदाला १००० वेळा दोन चॅनेल वाचतं, एकावर भार आणि दुसऱ्यावर स्प्रिंग किती दबली ते. चाचणी आजवर ३० सेकंदांची होती. आता एका ग्राहकाला सलग १० मिनिटांची हवी आहे. सुरुवात म्हणून मी फारमॅलॉक (मेमरीत जागा मागायचं फंक्शन) वापरून एका मिनिटाची जागा घेतली. जागा मिळाली, पण चाचणी ३३ व्या सेकंदाला पोचली की ग्राफचा सुरुवातीचा भाग बदलायला लागतो. मित्र म्हणतो, रिअल मोडची (डॉस ज्यात चालतो त्या प्रोसेसरच्या जुन्या पद्धतीची) धाव इथवरच, स्वतःची जीडीटी (मेमरीच्या भागांचा तक्ता) लिही आणि सगळी मेमरी वापरता येते त्या प्रोटेक्टेड मोडमध्ये जा, १६ एमबी नुसती पडून आहे. मालक म्हणतात, चालू मशीनला जपून हात लाव. मी काय करावं?

उत्तर

तुम्ही ३३ व्या सेकंदाचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. अर्धं उत्तर तिथेच आहे.

तुमचं एक वाचन २ बाइटचं. रिअल मोडमध्ये पत्ता दोन भागांत असतो, सेगमेंट आणि ऑफसेट, दोन्ही १६ बिटांचे. सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता येतो. टर्बो सी मधला फार पॉइंटर पुढे सरकवताना कंपायलर फक्त ऑफसेट वाढवतो, सेगमेंटला हात लावत नाही. ऑफसेट ६५,५३६ पर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येतो. ६५,५३६ बाइट म्हणजे ३२,७६८ वाचनं, आणि सेकंदाला १००० या वेगाने ३२.७६८ सेकंद. त्यापुढचं वाचन पहिल्या वाचनावर जाऊन बसतं. ग्राफची सुरुवात बदलते ती यामुळे. काकांच्या ३० सेकंदांच्या चाचणीत एका चॅनेलचे ६०,००० बाइट होत होते, म्हणजे ते ६४ केबीच्या आत व्यवस्थित मावत होते.

फारमॅलॉकने तुम्हाला ६४ केबीहून मोठी जागा दिली ती खरीच दिली. तिच्या पलीकडच्या भागापर्यंत तुमचा पॉइंटर पोचत नाही, इतकंच. त्यासाठी पॉइंटर ह्यूज म्हणून जाहीर करा. मग कंपायलर प्रत्येक बेरजेनंतर सेगमेंटही दुरुस्त करतो. त्याला थोडा वेळ जास्त लागतो, पण ४८६ वर सेकंदाला हजार वाचनांसाठी तो जाणवणार नाही.

आता एक धोका नीट लक्षात घ्या. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटांचा असतो. तुमचा इंडेक्स इंट असेल (काकांच्या प्रोग्रॅममध्ये तो इंट असण्याचीच शक्यता जास्त), तर ३२,७६७ नंतर तो उणे ३२,७६८ होतो. सध्या फार पॉइंटर असल्यामुळे हाही घोटाळा ॲरेच्या सुरुवातीलाच येऊन आदळतो, त्यामुळे दोन चुका एकच दिसतात. तुम्ही फक्त पॉइंटर ह्यूज केलात आणि इंडेक्स तसाच ठेवलात, तर पुढचं वाचन ॲरेच्या ६४ केबी मागे जाऊन लिहिलं जाईल. तिथे काय असेल सांगता येत नाही. दुसऱ्या चॅनेलचा डेटा असेल, तुमचा स्वतःचा कोडही असेल. मशीन अडकेल, आणि तुम्हाला वाटेल की ह्यूज पॉइंटरनेच घात केला. म्हणून इंडेक्स लाँग आणि पॉइंटर ह्यूज हे दोन्ही बदल एकाच बैठकीत करा. एक मिनिटाची चाचणी रिअल मोडमध्येच सरळ होईल. दोन्ही चॅनेलचे मिळून २,४०,००० बाइट होतात आणि तेवढे ६४० केबीत मावतात.

१० मिनिटांचं गणित मात्र वेगळं आहे. ६०० सेकंद, १००० वाचनं, दोन चॅनेल, २ बाइट: २४,००,००० बाइट. इथे मित्राचं म्हणणं खरं ठरतं, कारण ही भिंत खरोखर रिअल मोडची आहे. १९७८ च्या ८०८६ ला पत्त्याच्या २० तारा, म्हणजे सगळी मिळून १ एमबी. त्यातला वरचा भाग व्हिडिओ आणि बायोसला, खालचे ६४० केबी डॉस आणि प्रोग्रॅमना. ४८६ असो की आणखी पुढचा प्रोसेसर, रिअल मोडमध्ये तो याच मापाने चालतो.

पण भिंतीपलीकडचा डेटा ठेवायला प्रोग्रॅमनेच भिंतीपलीकडे राहायला जावं लागत नाही. कॉन्फिग.सिसमध्ये हायमेम.सिस लोड होत असेलच. तो एक्सएमएस ड्रायव्हर आहे, आणि वरची मेमरी तुमच्या वतीने तोच सांभाळतो. इंटरप्ट २एफ हेक्सला एएक्स रजिस्टरमध्ये ४३०० देऊन विचारा. एएलमध्ये ८० हेक्स आलं तर ड्रायव्हर आहे. ४३१० दिलंत की ईएस आणि बीएक्समध्ये ड्रायव्हरच्या दाराचा पत्ता मिळतो. यापुढे त्या पत्त्यावर फार कॉल करायचा आणि एएचमध्ये कामाचा क्रमांक द्यायचा. ०९ म्हणजे जागा द्या, ०बी म्हणजे डेटा हलवा, ०ए म्हणजे जागा परत घ्या. जागा केबीत मागायची असते. तुम्हाला २३४४ केबी लागेल.

रचना अशी करा. पारंपरिक मेमरीत, म्हणजे खालच्या ६४० केबीत, ८ केबीचे दोन बफर ठेवा. दोन्ही चॅनेलची वाचनं जोडीने ठेवली की एका बफरमध्ये २०४८ जोड्या बसतात, म्हणजे साधारण २ सेकंदांचं काम. इंटरप्ट हँडलर (कार्डाने हाक मारली की चालणारा कोड) पहिला बफर भरेल, भरला की एक खूण उभी करेल आणि दुसऱ्या बफरकडे वळेल. मुख्य लूप ग्राफ काढता काढता ती खूण पाहील आणि भरलेला बफर फंक्शन ०बीने वर पाठवेल. ही खूण व्होलटाइल जाहीर करा, नाहीतर कंपायलर ती रजिस्टरमध्ये ठेवून देईल आणि लूपला बदल कधी दिसणारच नाही. १० मिनिटांत असे २९३ बफर वर जातील. एक पथ्य कडक पाळा: एक्सएमएसचा कॉल इंटरप्ट हँडलरच्या आतून कधीच करायचा नाही. हँडलरने कार्ड वाचायचं, बफरमध्ये टाकायचं, इंटरप्ट सांभाळणाऱ्या ८२५९ चिपला काम झाल्याचं सांगायचं आणि बाहेर पडायचं.

घेतलेली जागा परत करणं विसरू नका. प्रोग्रॅम संपला की डॉस पारंपरिक मेमरी आपसूक मोकळी करतो, पण एक्सएमएसचं त्याला काही घेणंदेणं नसतं. जागा न सोडता बाहेर पडलात तर ती रीबूट होईपर्यंत अडकून राहते, आणि १६ एमबीच्या मशीनवर सातव्या चाचणीला मेमरी नाही असं उत्तर येईल. ऑपरेटर कंट्रोल-ब्रेक दाबून बाहेर पडतो तो रस्ताही यात धरा.

तुम्ही विचाराल, सेकंदाला जेमतेम ४ केबी डेटा आहे तर सरळ फाइलमध्येच का लिहू नये? चालेल. हार्ड डिस्क धडधाकट असेल तर तेही चांगलं उत्तर आहे, शिवाय मध्येच वीज गेली तरी तोवरची वाचनं हाती राहतात. माझी अडचण जुन्या डिस्कची आहे. एखादा सेक्टर खराब निघाला की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत काही सेकंद अडकते, आणि तुमच्या बफरमध्ये दोनच सेकंदांची सोय आहे. म्हणून चाचणी चालू असताना एक्सएमएस आणि चाचणी संपल्यावर फाइल, असं मी सुचवेन. फाइल बायनरी पद्धतीने उघडा. टेक्स्ट पद्धतीने उघडलीत तर ज्या ज्या बाइटची किंमत १० असेल त्याच्या आधी एक १३ घुसेल आणि पुढची सगळी वाचनं सरकतील.

आता मित्राने सांगितलेल्या मार्गाबद्दल. तो मार्ग तुम्ही समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कारखान्याच्या बेंचवर मात्र तो घेऊ नये असंही तितकंच वाटतं.

कागदावर काम छोटं दिसतं. इंटरप्ट बंद करा. जीडीटीमध्ये ८ बाइटचे तीन डिस्क्रिप्टर भरा: पहिला रिकामा, एक कोडचा, एक डेटाचा. एलजीडीटी ही सूचना द्या, सीआर० या रजिस्टरचा सर्वांत खालचा बिट १ करा, लगेच एक फार जंप. वीसेक ओळींत तुम्ही प्रोटेक्टेड मोडमध्ये असता. खरी लढाई त्यानंतर, इंटरप्ट पुन्हा चालू करता त्या क्षणी सुरू होते.

पीसीचा टायमर सेकंदाला १८.२ वेळा टिकटिक करतो. तो आयआरक्यू ० वर असतो आणि प्रोसेसरला व्हेक्टर ८ वर, म्हणजे हँडलरच्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या ८ क्रमांकाच्या जागी, जाऊन गाठतो. इंटेलने पहिले ३२ व्हेक्टर स्वतःसाठी राखून ठेवले होते. आयबीएमने १९८१ च्या पीसीत हार्डवेअरचे आठ इंटरप्ट ८ ते १५ वर बसवले, कारण ८०८८ मध्ये त्या जागा रिकाम्या होत्या. पुढे प्रोटेक्टेड मोड आला तेव्हा त्याच जागी प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारी येऊन बसल्या. व्हेक्टर ८ म्हणजे डबल फॉल्ट. तुम्ही आयडीटी (प्रोटेक्टेड मोडमधला तोच तक्ता) भरलेली नसेल, तर टायमरची पहिलीच टिकटिक आल्यावर प्रोसेसरला हँडलर सापडत नाही. त्याची तक्रार नोंदवायचा हँडलरही सापडत नाही. शेवटी ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट होतं. स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नाही, थेट बायोसची रॅम मोजणी सुरू होते. कुठे चुकलं याचा मागमूस राहत नाही.

तुमच्या बाबतीत तर आणखी गंमतीची अडचण आहे. तुमचं कार्ड आयआरक्यू ५ वर, म्हणजे व्हेक्टर १३ वर. प्रोटेक्टेड मोडमध्ये १३ म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. कार्डाचं प्रत्येक वाचन, सेकंदाला हजार वेळा, मेमरीच्या गैरवापराची तक्रार असल्यासारखं येईल. त्यावर उपाय आहे: ८२५९ ला नव्याने प्रोग्रॅम करून हार्डवेअरचे इंटरप्ट ३२ च्या पुढे न्यायचे आणि डॉसला परतताना जागच्या जागी आणायचे. ए२० ची तारही (पत्त्याची एकविसावी) उघडावी लागते, नाहीतर दुसऱ्या एमबीत लिहिलेलं पहिल्या एमबीत जाऊन पडतं.

हे सगळं जमलं तरी बायोस आणि डॉस मागेच राहतात. इंटरप्ट २१ हेक्समागचा, म्हणजे डॉसच्या सेवांचा, कोड रिअल मोडचा आहे, तो इथे चालत नाही. फाइल उघडणं, कीबोर्ड वाचणं, बीजीआय या टर्बो सी च्या ग्राफिक्स लायब्ररीचा ग्राफ, सगळं गेलं. फाइल लिहायची तर रिअल मोडमध्ये परत जायचं, आणि नेमकं तिकडे असताना कार्डाचं वाचन आलं तर त्यासाठी तिकडेही एक हँडलर हवा. ३८६ पासून परतीची वाट निदान आहे. १९८२ च्या २८६ मध्ये ती नव्हतीच. तिथे कीबोर्ड कंट्रोलरकडून प्रोसेसर रीसेट करवून परतावं लागायचं, आणि मशिनं विकली गेली तीही तशीच.

शिवाय तुमच्या कॉन्फिग.सिसमध्ये ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर आहे का ते पाहा. असेल तर प्रोसेसर आधीच व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये आहे. तुमच्या प्रोग्रॅमला रिअल मोडमध्ये असल्याचा फक्त भास होतो. तिथून सीआर० ला हात लावलात की फॉल्ट होतो आणि ईएमएम३८६ प्रोग्रॅम अडवतो. तपासायला सोपं आहे: एसएमएसडब्ल्यू ही सूचना कोणालाही चालवता येते. तिच्या उत्तरातला सर्वांत खालचा बिट १ असेल तर खाली दुसरं कोणीतरी बसलेलं आहे.

दोन्ही मोडमध्ये ये-जा करायची, इंटरप्ट योग्य ठिकाणी पोचवायचे, डॉसचे कॉल खाली नेऊन उत्तर वर आणायचं, हे सगळं काम करायला डीपीएमआय ही ठरलेली व्यवस्था आहे. त्याची ०.९ आवृत्ती १९९० ची. वॉटकॉम कंपायलरबरोबरचा डॉस/४जीडब्ल्यू किंवा डीजेजीपीपी कंपायलरबरोबरचा सीडब्ल्यूएसडीपीएमआय हे त्याचेच होस्ट, म्हणजे ती पुरवणारे प्रोग्रॅम. ईएमएम३८६ आधीपासून बसलेला असला तरी ते त्याच्याशी बोलून वाट काढतात. यापुढे कधी प्रोटेक्टेड मोडमध्ये काम करायचं ठरवलंत तर याच दाराने जा.

मग वाचनं गोळा करायचा प्रोग्रॅमच डीजेजीपीपीत का नेऊ नये? नेता येईल, आणि सेकंदाला हजार इंटरप्ट ४८६ तिथेही झेपवेल. पण तुमचा ग्राफ बीजीआयवर उभा आहे. तो डीजेजीपीपीत नाही, सगळं रेखाटन दुसऱ्या लायब्ररीवर न्यावं लागेल. इंटरप्ट हँडलरचा कोड आणि तो ज्या ज्या डेटाला हात लावतो तो सगळा मेमरीत लॉक करावा लागेल. नाहीतर होस्टने ते पान डिस्कवर नेऊन ठेवलं असताना वाचन आलं तर प्रोग्रॅम कोसळेल. लॉक करायचं राहून गेलेलं एखादं चल महिनाभर त्रास देत नाही आणि मग ग्राहक समोर उभा असताना देतं. काकांचा हँडलर वर्षानुवर्षं चाललेला, पारखलेला आहे. त्याच्याभोवती फक्त साठवणीची जागा बदला.

प्रोटेक्टेड मोड तुम्हाला खरा उपयोगी पडेल तो चाचणी झाल्यानंतर. १० मिनिटांची पूर्ण वक्ररेषा हवी तिथे मोठी करून पाहायची, दहा स्प्रिंगांचे आलेख एकावर एक ठेवायचे, हे एक्सएमएसमधून तुकडे आणून करणं जिकिरीचं आहे. त्यासाठी डीजेजीपीपीत वेगळा प्रोग्रॅम लिहा. २४ लाख बाइट एका मॅलॉकमध्ये घ्या आणि साध्या ॲरेसारखे वापरा. इथे पॉइंटर ३२ बिटांचा असतो, त्यामुळे ६४ केबीची कटकट नाही. चुकीच्या पत्त्यावर लिहिलंत तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम जागीच थांबून रजिस्टरं दाखवतो, तेही शिकण्याच्या दृष्टीने मोठं सुख आहे. फक्त टर्बो सी ची फाइल इथे वाचताना इंटच्या जागी शॉर्ट वापरा, कारण इथला इंट ४ बाइटचा आहे. फाइलच्या माथ्याशी चाचणीची माहिती स्ट्रक्चरमध्ये लिहिली असेल तर ते एकदम वाचू नका. डीजेजीपीपी घटकांच्या मधे रिकामे बाइट सोडतो आणि सगळं एका-दोन बाइटने हुकतं. एकेक घटक वेगळा वाचा.

मालकांचं म्हणणं पूर्ण योग्य आहे. बेंचवरच्या डिस्कची इमेज आधी काढून ठेवा. ती आयडीई ॲडॉप्टरवरच्या एका कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवा आणि मशीन त्यावरून सुरू होतं याची खात्री करून घ्या. नवा प्रोग्रॅम घरी ठाण्यातच ८६बॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये डॉस टाकून तयार करा. तिथे तुमचं कार्ड नसेल, म्हणून वाचनांचा इंटरप्ट टायमरकडून घ्या. ८२५४ या टायमर चिपला ११९३ हा भाजक दिला की सेकंदाला जवळजवळ नेमके १००० इंटरप्ट मिळतात. डॉसचा जुना हँडलर दर ५५ व्या वेळी बोलवा, नाहीतर डॉसचं घड्याळ भरधाव पळेल. वाचनाच्या जागी चढता क्रमांक लिहा, त्याचा खालचा अर्धा भाग पहिल्या चॅनेलमध्ये आणि वरचा दुसऱ्यात. दहा मिनिटांनी फाइल उघडून प्रत्येक क्रमांक मागच्यापेक्षा बरोबर एकने मोठा आहे का ते प्रोग्रॅमकडूनच तपासून घ्या. बफर बदलताना एखादं वाचन निसटत असेल तर ते इथे पकडलं जाईल. खऱ्या स्प्रिंगच्या ग्राफमध्ये ते डोळ्याला दिसणार नाही.

मित्राची जीडीटीही लिहून पाहा, तीसुद्धा घरी, बॉक्स (Bochs) या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये. त्यात डीबगर आहे, आणि ट्रिपल फॉल्ट झाला तर तो प्रोसेसरची अवस्था लॉगमध्ये लिहून ठेवतो. खऱ्या मशीनवर जे क्षणात पुसलं जातं ते तिथे शांतपणे वाचता येतं.

रबाळ्याच्या बेंचवर नवा प्रोग्रॅम चढवाल त्या दिवशी एकच स्प्रिंग आधी काकांच्या प्रोग्रॅमने ३० सेकंद तपासा आणि मग नव्या प्रोग्रॅमने पूर्ण १० मिनिटं. पहिल्या ३० सेकंदांचे दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून जुळले, तरच ग्राहकाचा माल बेंचवर घ्या.